नो पार्किंगचं चलान चुकीचं असेल तर दाद मागावी की पाचशे रुपये भरून मोकळं व्हावं?

तुम्ही लिहिलंय की तिथे बोर्ड दिसला नाही, चलानावरच्या फोटोत फक्त नंबरप्लेट आहे आणि घरचे म्हणतायत भरून टाक. माझं पहिलं सांगणं एकच: भरू नका. निदान तक्रारीचा निकाल लागेपर्यंत भरू नका. आणि घरातल्या कुणालाही तुमच्या वतीने भरू देऊ नका. गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे हाताशी असले की चलान कुणीही भरू शकतं. आमच्या घरी हे मला फार उशिरा कळलं.

आमचे अण्णा एसटीत ३१ वर्षं चालक होते. घाट, पाऊस, रात्रपाळी, मुक्कामी गाड्या, सगळं केलं, पण एक अपघात नाही. विनाअपघात सेवेबद्दल आगारात सत्कार झाला, त्याचा फोटो अजून बाहेरच्या खोलीत आहे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एक स्कूटर आहे. ती लावतानाही ते आधी बोर्ड वाचतात, गाडी कडेला सरळ लावतात, हँडल लॉक करतात आणि दोन पावलं मागे येऊन एकदा बघतात. कुणाच्या दारात तर येत नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं.

नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. त्या रस्त्यावर पी-१ पी-२ आहे, म्हणजे सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. तारीख होती १२. गाडी सम बाजूला लावली. चौथ्या दिवशी मेसेज आला: नो पार्किंग, ५०० रुपये. अण्णांनी तो तीनदा वाचला आणि मला विचारलं, "यात ऑफेन्स लिहिलंय. म्हणजे गुन्हाच ना गं?"

मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले. खांबावरचा बोर्ड कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली गेला होता. 'पी'चा वरचा अर्धा गोल तेवढा दिसत होता. (परवानगी न घेता असा फ्लेक्स लावणं १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. त्याचं चलान कुणाच्या मोबाईलवर आलं नव्हतं.) अण्णांना बाजू माहीत होती, कारण ते वर्षानुवर्षं तिथेच लावतात. ज्याने फोटो काढला त्याला माहीत नसावी. फोटो इतका जवळून होता की रस्ता नाही, खांब नाही, शेजारची गाडीही नाही. नुसती मागची नंबरप्लेट. या फोटोवरून गाडी कुठल्या बाजूला होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तुम्हाला उपयोगी पडेल ते इथे सांगते. मी चौकापासून बँकेच्या दारापर्यंत चालत एक सलग व्हिडिओ काढला, मध्ये न थांबवता. सुटे फोटो कुठलेही असू शकतात असं म्हणता येतं, सलग व्हिडिओबद्दल तसं म्हणणं अवघड जातं. फ्लेक्ससकट खांब, समोरच्या दुकानाची पाटी, बँकेचं दार, सगळं त्यात आलं. बँकेतल्या टोकनची चिठ्ठी अण्णांनी ठेवली होती, तिच्यावर तारीख आणि वेळ. हे सगळं वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर तक्रारीत जोडलं. तक्रार चार ओळींत लिहिली. गाऱ्हाणं नाही, वाहतुकीची दुरवस्था नाही. चलान क्रमांक, तारीख, बाजू, पुरावा, आणि शेवटी "चलान रद्द करावे". त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून: या रस्त्यावरच्या सम-विषम पार्किंगच्या अधिसूचनेची प्रत द्यावी. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा, महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. पार्किंगची बंदी कुठल्या तरी लेखी आदेशाने झालेली असते, त्यात रस्ता कुठून कुठपर्यंत हे लिहिलेलं असतं. तो कागद मिळाला की वाद तुमच्या आठवणीवर आणि त्यांच्या आठवणीवर राहत नाही.

नवव्या दिवशी माझ्या भावाने, दादाने, चलान भरून टाकलं.

तो दुसऱ्या शहरात असतो. मीच कुटुंबाच्या ग्रुपवर गाडीच्या आरसी बुकाचा फोटो टाकला होता, चॅसी नंबर त्याला तिथेच मिळाला. संध्याकाळी फोन आला, "भरलं मी. पाचशेच्या कागदासाठी म्हाताऱ्या माणसाला चौक्या दाखवणार होतीस का तू?" त्याने प्रेमापोटी केलं हे मला मान्य आहे. पण विचारून केलं नाही. तक्रार बंद झाली, कारण चलान भरलेलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तुम्ही जे भरता ते तडजोड शुल्क असतं. ते भरलं की प्रकरण तिथेच संपतं, पुढे कारवाई नाही आणि पुढे म्हणणं मांडायलाही काही उरत नाही. "भरून टाक, मग बघू" असं जे म्हणतात त्यांना हे ठाऊक नसतं. मग बघण्यासारखं काही राहतच नाही.

सव्विसाव्या दिवशी माहिती अधिकाराचं उत्तर आलं. अधिसूचनेची प्रत, चौकापासून चौकापर्यंत, पश्चिम बाजू सम तारखांना. बँक पश्चिमेलाच आहे. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि लायसन्सच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून दिला. बोलले काहीच नाहीत. त्यानंतर दोन महिने त्यांनी स्कूटर काढली नाही, रिक्षाने जायचे. दादाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, वय झालं, बरंच झालं.

मार्चमध्ये दुसरं चलान आलं. पुन्हा नो पार्किंग, आणि आता १,५०० रुपये. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केलं तर १,५००. आधी हे १०० आणि ३०० होते, २०१९च्या दुरुस्तीने वाढले आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१पासून लागू झाले. तर दादाच्या पाचशे रुपयांनी अण्णांच्या नावावर पहिला गुन्हा पक्का केला होता, हे दुसरा आला तेव्हा कळलं. या वेळच्या फोटोत काळी मोटारसायकल होती. आमची स्कूटर. नंबरातल्या ३चा कुणीतरी ८ वाचला होता. मी आरसी बुकाची प्रत, स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो आणि एका पानाचा अर्ज घेऊन वाहतूक शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी फोटो मोठा करून बघितला, बसायला खुर्ची दिली, आणि चलान त्याच आठवड्यात रद्द झालं. ते नीट वागले, हे लिहायलाच हवं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. तोंडी "बघतो" याला काही किंमत नाही.

दादाचं त्यावर म्हणणं, "बघ, खरं असलं की मिटतं." अरे, मग पहिलंही खरंच होतं की! तेही मिटलं असतं. हा वाद आमच्यात अजून चालू आहे आणि तुमचा प्रश्न वाचून मला तोच आठवला. पाचशे रुपये ही रक्कम बरोबर अशी आहे की भांडायला लाज वाटावी आणि भरायला जीव जाऊ नये. म्हणून चुकीची चलानंही भरली जातात, आणि भरली गेली की ती चुकीची होती हे कुठल्याच कागदावर येत नाही. माणसाने आयुष्यभर एक गोष्ट नीट केली असेल तर त्या गोष्टीवरचा खोटा डाग तो पैशात मोजत नाही. दादाला अण्णांचा वेळ वाचवायचा होता. अण्णांकडे वेळ भरपूर आहे.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. बोर्ड नव्हता, एवढ्यावर सगळीकडे सुटका होत नाही. फूटपाथ, झेब्रा पट्टे, पूल, बसथांबा, शाळेचं किंवा दवाखान्याचं प्रवेशद्वार, दुसऱ्या गाडीची वाट अडेल अशी जागा, इथे २०१७च्या वाहन चालवण्याच्या विनियमांनीच बंदी आहे, बोर्ड असो वा नसो. तुमची गाडी अशा जागी असेल तर निमूट भरा, मी तुमच्या बाजूने नाही. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला, त्यात यंत्राने नोंदवलेल्या चलानात उल्लंघन दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं हे हवं असं आहे. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवर बोट ठेवायला तो उपयोगी पडतो. गाडी टो करून नेली असेल तर कलम १२७ बघा: उचलण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा असतो, टोइंगच्या पोरांनी स्वतःहून नाही.

अॅपवर तक्रार फेटाळली गेली तरी मार्ग संपत नाही. त्यानंतर कोर्टात जाता येतं, तिथे गुन्हा कबूल नाही असं सांगितलं की तो सिद्ध करणं त्यांच्यावर येतं. त्यात दिवस जातात, नोकरी असेल तर रजाही जातात, हे आधी मोजा. लोकअदालतीबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तिथे बरेचदा रक्कम कमी होते, पण ती तडजोड आहे आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. पैसे वाचवायचे असतील तर जा. तुमचं खरं होतं हे लेखी हवं असेल तर ते तिथे मिळणार नाही.

आणि उद्याच्या उद्या तिथे जाऊन व्हिडिओ काढा. बोर्ड नव्हता म्हणताय, महापालिकेने मधल्या काळात लावला तर तुमच्याकडे काय राहील?

अण्णा आता पुन्हा स्कूटर काढतात. गाडी लावली की बोर्डासकट फोटो काढून मला पाठवतात, कालही आला. दादा गणपतीला येईल तेव्हा पाकिटातला तो कागद मी त्याच्या हातात देणार आहे, अण्णांसमोर.