पिवळा वेली गुलाब : नाव ठरल्याशिवाय कात्री लावू नका

प्रश्न : 'यलो क्लाइंबर' म्हणून रोपं घेतली. फांद्या ताठ, काटे तुरळक, पान गडद आणि चकचकीत, फूल सैल, पाकळ्या पंचवीस-तीस. फूल सोनेरी उमलतं आणि दोन-तीन दिवसांत सायीसारखं फिकट होतं. दुकानदार म्हणतो लोह कमी पडलंय, रंगाचं टॉनिक मारा. मारू का? आणि हा वाण कोणता?

मारू नका. लोहाची कमतरता पाकळीवर दिसत नाही. ती कोवळ्या पानावर दिसते: पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुमची पानं गडद हिरवी आहेत म्हणजे लोह पुरेसं आहे.

'यलो क्लाइंबर' हे वाणाचं नाव नव्हे. ते नुसतं वर्णन आहे आणि त्याखाली एकमेकांशी नातं नसलेले वाण विकले जातात. तुम्ही दिलेल्या खुणा 'गोल्डन शॉवर्स'शी जुळतात. अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी तयार केलेला हा वाण 1956 साली बाजारात आला. सोनेरी उमलून फिका पडणं हा त्याचा स्वभाव आहे. पाकळीतली पिवळी रंगद्रव्यं कडक उन्हात लवकर विरतात. त्यावर दोनच उपाय आहेत. दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्या आणि विक्रीसाठी फूल कळी सुटत असतानाच काढा. बाटलीतून रंग येत नाही, कोणत्याच कंपनीच्या नाही.

प्रश्न : 'क्लाइंबिंग लेडी हिलिंगडन' लावला. साध्या गुलाबासारखी दीड फुटावर छाटणी केली. आता तो झुडपासारखा वाढतोय, वेल होतच नाही. रोपं खोटी दिली का?

रोपं खरी होती, कात्री चुकली. असे प्रश्न बरेच येतात आणि याचं उत्तर नावातच आहे.

नावाच्या आधी 'क्लाइंबिंग' लिहिलेलं असेल तर समजा की मूळ वाण झुडूप आहे आणि त्याच्या एखाद्या फांदीत अचानक बदल होऊन वेल निघाली. 'लेडी हिलिंगडन' झुडूप म्हणून 1910 साली आला, त्याची वेल 1917 साली. 'क्लाइंबिंग पीस'चंही तसंच. अशी वेल पहिली दोन वर्षं खोल छाटली की पुन्हा झुडपाकडे वळू शकते. 'गोल्डन शॉवर्स'च्या नावात 'क्लाइंबिंग' नाही, कारण तो जन्मतःच वेल आहे. त्याला मागे वळायला झुडूपच नाही.

म्हणून ज्याच्या नावात 'क्लाइंबिंग' आहे, त्याला पहिली दोन वर्षं कात्री फक्त वाळलेल्या आणि मोडलेल्या फांदीसाठी. डोळा भरायचा (कळीचं कलम करायचं) असेल तर लांब धावणाऱ्या फांदीवरचाच डोळा घ्या. बुडाशी आलेल्या आखूड फुटीवरचा डोळा घेतलात तर नवं रोपही झुडूप निघण्याची भीती असते. फसवणुकीची निम्मी तक्रार इथूनच सुरू होते.

आता तुमच्या रोपाला वर्षभर छाटू नका, एखादी लांब फांदी सुटते का पाहा. सुटली तर तीच जपा. 'वेल पळवायला' जिबरेलिक आम्ल द्या असं कोणी सांगेल. देऊ नका. फांदी लांबते, पण लुळी होते आणि फूल धरत नाही.

प्रश्न : बिनकाट्याचा पिवळा वेली गुलाब आहे, फूल रुपयाच्या नाण्याएवढं, घोसात येतं. पहिल्या वर्षी लदबदला. नंतर दरवर्षी बहराआधी छाटणी करतो, पण फूल नाही. औषध सांगा.

औषध नाही. छाटणीची वेळ चुकते आहे. हा बँक्सिया, पिवळा दुहेरी प्रकार. चीनमधून तो 1824 साली इंग्लंडला गेला. वर्षातून एकदाच फुलतो आणि तोही गेल्या वर्षीच्या व त्याआधीच्या लाकडावर. बहराआधी छाटणी म्हणजे फुलं कापून टाकणं. बहर संपला की लगेच छाटा, तेही जुनी, दाटलेली लाकडं बुडाशी काढण्यापुरतं. त्यानंतर पुढच्या बहरापर्यंत कात्री बंद. पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध ओतायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. ते मातीत फार काळ टिकतं आणि वेलीची वाढ खुंटते, शेजारच्या पिकाचीही.

'मर्मेड' या वेली गुलाबालाही छाटणी सोसत नाही. फूल एकेरी, पाच पाकळ्यांचं, मोठं. पाकळ्या गळल्या तरी मधले पुंकेसर राहतात. काटे आकड्यासारखे वळलेले. या खुणा दिसल्या तर हात आवरा.

प्रश्न : युरिया मूठ-मूठ दिला. वेल बारा फूट गेली, फूल मात्र फक्त शेंड्याला.

युरिया बंद. नत्र जास्त झालं की वेल पाला वाढवते, फूल मागे पडतं आणि कोवळ्या फुटीवर मावा आणि भुरी धावून येतात. वर्षाला प्रत्येक वेलीला चार-पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड द्या, पुढचा डोस माती परीक्षणानंतरच. मुठीचं माप कायमचं सोडा.

शेंड्याला फूल येण्याचं कारण मात्र दुसरं आहे. उभ्या फांदीत शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी केली की हा दाब उठतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फुलाची आखूड फूट निघते. वेली गुलाबात फुलं वाढवायची इतकी स्वस्त आणि खात्रीची पद्धत दुसरी नाही. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि तुम्हालाही आग्रहाने देतो.

तारा आडव्या ताणा, दोन तारांत 40 ते 45 सेंमी अंतर. भिंत असेल तर तार भिंतीपासून 5 ते 8 सेंमी पुढे, म्हणजे पानामागून वारा जाईल. रोप भिंतीपासून 45 सेंमीवर. पाच-सहा जोमदार फांद्या ठेवा, बाकी काढा. फांदी हिरवी, लवचीक असतानाच वाकवा, एका दिवसात नाही, दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी. अंगठा फांदीखाली धरून वाकवा. करकर आवाज आला की थांबा. बांधायला सुतळी घ्या, इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास द्या. तारेने बांधू नका, वर्षात ती सालीत रुतते. बाजूच्या फुटी फुलून गेल्या की दोन-तीन डोळ्यांवर छाटा.

'गोल्डन शॉवर्स'च्या फांद्या ताठ असतात. त्या जबरदस्तीने आडव्या करायला गेलात तर मोडतील. त्याला खांब द्या आणि फांद्या खांबाभोवती गोल चढवा. परिणाम तोच.

प्रश्न : पानांवर काळे ठिपके, पान पिवळं पडून गळतंय. दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून दुप्पट मात्रेने मारायला सांगितलं.

दुप्पट मारू नका. एकत्रही मारू नका. गडद पिवळ्या वाणांना हा रोग जास्त का, ते आधी समजून घ्या. 1900 साली फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी 'सोलेई द'ओर' आणला. त्याचा भडक पिवळा रंग पर्शियन यलो या रानटी रक्ताच्या गुलाबातून आला आणि काळ्या ठिपक्यांची ओढही त्याच वारशाने आली. त्याआधीचे पिवळे वेली गुलाब, जसा 1864 चा 'मार्शल नील', मऊ लिंबोणी रंगाचे आणि चहागुलाबाच्या कुळातले. 'मार्शल नील'च्या फुलाचा देठ लुळा, फूल खाली झुकतं. तो आजार नव्हे, मांडवाखाली उभं राहून पाहायचं फूल आहे ते.

हा रोग लागायला पान साधारण सात तास ओलं राहावं लागतं. म्हणून पाणी बुडाशी आणि सकाळी द्या. गळलेली पानं रोज वेचून बागेबाहेर न्या. त्यानंतर मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम. पानाच्या खालच्या बाजूलाही, 10 ते 14 दिवसांनी पुन्हा. साठ ग्रॅम घातल्याने रोग दुप्पट वेगाने जात नाही, पानाच्या कडा मात्र करपतात. भुरीसाठी गंधक वापरणार असाल तर पारा 32 अंशांच्या वर असताना अजिबात फवारू नका, पान भाजतं. हे मी दरवेळी लिहितो, तरी भर उन्हात पंप फिरतातच.

प्रश्न : पिवळ्या वेलीवर मध्येच पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके आले.

तो खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम केलं ते खालचं रोप. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन बाजूंना पंखासारखी पट्टी असते, ती नीट पाहा. झालरीसारखी कातरलेली असेल तर खुंट मल्टीफ्लोरा. कलमाच्या गाठीखालून आलेला असा फुटवा कापू नका, माती बाजूला करून मुळापासून ओढून तोडा. कापलात तर एकाचे चार होतात.

प्रश्न : गुलाबाच्या लागवडीला अनुदान मिळतं का?

योजनेच्या अटी तुमच्या कृषी कार्यालयात पाहा. पावतीवर वाणाचं नाव असल्याशिवाय रोप घेऊ नका, एवढं मात्र पाळा.

प्रश्न : आम्ही रोपं विकतो. चिठ्ठीवर नाव काय लिहायचं?

नोंदलेलं नाव, एकेरी अवतरणात. जगभर गुलाबाच्या नावांची नोंद अमेरिकन रोझ सोसायटीकडे होते. एकाच वाणाची विक्रीची नावं देशोदेशी बदलतात: फ्रान्सचा 'मॅडम ए. मेयाँ' जर्मनीत 'ग्लोरिया दाय', इटलीत 'जोइया' आणि अमेरिकेत 'पीस'. म्हणून नव्या वाणांना सांकेतिक नाव असतं, त्यात आधीची अक्षरं पैदासकाराची. 'ग्रॅहम थॉमस' या 1983 च्या पिवळ्या गुलाबाचं सांकेतिक नाव 'ऑसमास', 'ऑस' म्हणजे ऑस्टिन. उष्ण हवेत तो झुडूप न राहता वेलीसारखा दहा फुटांवर जातो, हेही चिठ्ठीवर लिहा. नाव माहीत नसेल तर 'पिवळा वेली, नाव अज्ञात' असं लिहा. खपावं म्हणून 'मार्शल नील' लिहू नका. गिऱ्हाईक त्या नावावर विसंबून कात्री चालवतं. शाई पावसात धुऊन जाते, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा. पट्टी फांदीला बांधू नका, खुंटीला ठोका आणि ओळीचा नकाशा वहीत ठेवा.