वाचकांचे प्रश्न : बौद्ध वचनांचा इंग्रजी संग्रह कोणता घ्यावा?

प्रश्न : आमच्या विहारात दरवर्षी वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलीने त्याच्या जोडीला वाचण्यासाठी एडवर्ड कोन्झ यांचा ‘बुद्धिस्ट स्क्रिप्चर्स’ हा पेंग्विनचा संग्रह पुण्याहून आणला. त्यात भुकेल्या वाघिणीला देह देणाऱ्या बोधिसत्त्वाची कथा, मैत्रेय बुद्धाचे भाकीत आणि मरणोत्तर अवस्थांचे तिबेटी वर्णन आहे. पाली सुत्ते, म्हणजे बुद्धांची प्रवचने, मात्र अपेक्षेपेक्षा फार थोडी. हे पुस्तक विश्वासार्ह आहे का? इंग्रजीतला एकच संग्रह घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पुस्तक विश्वासार्ह आहे, परंतु ते आपल्यासाठी तयार झालेले नाही. कोन्झ यांनी ते 1959 साली इंग्रज वाचकासमोर ठेवले. त्यांचा स्वतःचा आयुष्यभराचा व्यासंग महायान या उत्तरकालीन बौद्ध पंथातील प्रज्ञापारमिता नावाच्या संस्कृत ग्रंथांचा होता, आणि त्याची छाप निवडीवर पडली आहे. बुद्धांचे चरित्र त्यांनी मुख्यतः अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ या संस्कृत महाकाव्यातून घेतले, तर ध्यानाचा भाग बराचसा बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथातून. यात खोटे काही नाही. मात्र पाली सुत्ते डोळ्यांपुढे ठेवून जो हे पुस्तक उघडेल, त्याला परक्या घरात शिरल्यासारखे वाटणारच.

असे एकखंडी संग्रह पश्चिमेत मुळात का निघाले, हे पाहिले म्हणजे त्यांचे गुणदोष उलगडतात. नालंदा येथून निघालेली पाली त्रिपिटकाची देवनागरी आवृत्तीच 41 खंडांची आहे. चिनी आणि तिबेटी संग्रह त्याहून कितीतरी मोठे आहेत. एका बायबलवर वाढलेल्या वाचकाला एवढा पसारा झेपणारा नव्हता. शिकागोची सर्वधर्म परिषद 1893 साली झाली आणि पुढच्याच वर्षी पॉल कॅरस यांनी ‘द गॉस्पेल ऑफ बुद्ध’ काढले. कॅरस पालीचे पंडित नव्हते. इतरांची भाषांतरे घेऊन त्यांनी ती जोडली, त्यांना अध्याय आणि वचनांचे क्रमांक दिले, काही मजकूर स्वतःचा घातला. पुस्तक वाचनीय आहे आणि शेवटी आधारांची सूचीही आहे. तरीही वाचण्याच्या ओघात सुत्ताचे वाक्य कोठे संपले आणि कॅरस यांचे कोठे सुरू झाले, हे सामान्य वाचकाला कळत नाही. मला तो मोठा दोष वाटतो. पूर्वी ख्रिस्ती मिशनरी असलेल्या ड्वाइट गोडार्ड यांचे 1932 सालचे ‘अ बुद्धिस्ट बायबल’ झेन पंथाकडे झुकलेले आहे, त्यामुळे आरंभासाठी ते घेऊ नये.

या सर्वांत मराठी वाचकाने आवर्जून पाहावा तो हेन्री क्लार्क वॉरन यांचा ‘बुद्धिझम इन ट्रान्सलेशन्स’ हा 1896 सालचा संग्रह. हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेतील हे पुस्तक केवळ पाली वाङ्मयावर आधारलेले असून प्रत्येक उताऱ्याचे मूळ स्थळ त्यात नोंदलेले आहे. सुत्तांच्या बरोबरीने जातककथांची प्रस्तावना, ‘मिलिंदपञ्ह’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या नंतरच्या ग्रंथांतलेही पुष्कळ उतारे त्यात आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक ओळ बुद्धवचन समजू नये. ‘विसुद्धिमग्ग’ची चिकित्सक आवृत्ती वॉरन यांनी हाती घेतली होती, पण 1899 साली त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. ते पुढे नेण्यासाठी हार्वर्डला बोलावले गेले ते आपले धर्मानंद कोसंबी. ती आवृत्ती अखेर 1950 साली, कोसंबींच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. गोव्यातून घर सोडून पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपापर्यंत (श्रीलंकेपर्यंत) गेलेल्या या माणसाचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आपल्या मुलीच्या हाती जरूर द्यावे.

आता आपल्या विहारातील ग्रंथाविषयी. ज्यांचे बालपण साताऱ्यात गेले आणि ज्यांचे नाव तेथील सरकारी शाळेच्या पटावर आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली ‘महाबोधी’ मासिकातील लेखात हीच अडचण मांडली होती : बौद्ध वाङ्मय अफाट आहे, आणि इतर धर्मीयांप्रमाणे कोठेही बरोबर नेता येईल असा एक ग्रंथ बौद्धांजवळ नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. मात्र तो निव्वळ उताऱ्यांचा संग्रह नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच विवेकाच्या कसोटीवर नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलियांच्या तंट्याला त्या जागी महत्त्व दिले. कोन्झ यांच्या पुस्तकात परंपरागत कथाच आढळेल. म्हणून एकावरून दुसऱ्याची चूक काढण्याच्या फंदात पडू नये. एक परंपरेचे नमुने दाखवतो, दुसरा परंपरेला प्रश्न विचारून धम्माची मांडणी करतो.

एकच संग्रह घ्यायचा असेल तर माझी शिफारस भिक्खू बोधी यांच्या ‘इन द बुद्धाज वर्ड्स’ या 2005 सालच्या पुस्तकाची आहे. मुख्यतः चार निकायांतून, म्हणजे पाली सुत्तांच्या चार मोठ्या संग्रहांतून, घेतलेली सुत्ते त्यात दहा प्रकरणांत लावलेली असून प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र प्रस्तावना आहे. पहिले प्रवचन, कालाम लोकांना केलेला उपदेश, गृहस्थाची कर्तव्ये सांगणारे सिगालसुत्त असे सर्व काही तेथे संदर्भासह मिळते. आपण विहारात म्हणता ती मंगलसुत्त, रतनसुत्त आणि करणीयमेत्तसुत्त मात्र ‘सुत्तनिपात’मधील आहेत, त्यासाठी कोसंबींचे मराठी भाषांतर पाहावे. कोन्झ यांचे पुस्तक टाकून देण्याचे कारण नाही. महायानाची ओळख करून घेण्याच्या वेळी ते उपयोगी पडेल.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. पेंग्विननेच 2004 साली ‘बुद्धिस्ट स्क्रिप्चर्स’ याच नावाचा डोनाल्ड लोपेझ संपादित दुसरा संग्रह काढला असून त्यातील निवड कोन्झ यांच्याहून सर्वस्वी वेगळी आहे, त्यामुळे दुकानात मागणी नोंदवताना संपादकाचे नाव अवश्य सांगावे.