मल्टी-पिन कनेक्टरचे प्रकार कोणते, ते कुठे वापरतात आणि कोडिंग असलेलेच घेण्याची खरोखर गरज असते का?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाशी माझे जुने भांडण आहे, म्हणून प्रकार आधी थोडक्यात उरकतो. कोडिंग म्हणजे चुकीची जोडी एकमेकांत शिरू नये म्हणून कनेक्टरला दिलेली वेगळी घडण. सेन्सरला गोल एम-12 (12 मिलिमीटर आट्यांचा कनेक्टर) वापरतात. साध्या सेन्सरसाठी त्यातला ए-कोड आणि इथरनेटसाठी डी किंवा एक्स-कोड. हलवता येणाऱ्या यंत्राला थ्री-फेज द्यायचा असेल तर पाच पिनांचा लाल औद्योगिक प्लग घ्यावा. डी-सब (जुन्या संगणकांना असायचा तसा डी-आकाराचा कनेक्टर) हा सिग्नलसाठी आहे. त्यातून कोणी हीटर चालवू पाहत असेल तर त्याला थांबवावे. चौथा प्रकार म्हणजे लिव्हरने घट्ट होणारा 6, 10, 16 किंवा 24 पिनांचा चौकोनी हेवी-ड्यूटी कनेक्टर, आणि माझा अनुभव याच प्रकाराचा आहे.

चाकणच्या एका मोल्डिंग कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. आठ झोनच्या (वेगवेगळ्या तापवल्या जाणाऱ्या भागांच्या) हॉट रनर साच्याला, म्हणजे आतले प्लास्टिक हीटरने वितळलेलेच ठेवणाऱ्या साच्याला, हीटरच्या 16 तारा लागतात आणि थर्मोकपलच्याही (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) 16 लागतात, म्हणून कंट्रोलरपासून साच्यापर्यंत दोन केबली जातात. आमच्याकडे दोन्हींचे हूड (बाहेरचे कवच), इन्सर्ट (पिना असलेला आतला भाग) आणि लिव्हर अगदी सारखे होते. मी कोडिंग पिना मागितल्या होत्या. इन्सर्टच्या कोपऱ्यांतील साध्या स्क्रूंच्या जागी त्या बसतात आणि चुकीची जोडी एकमेकांत शिरूच देत नाहीत. खरेदी विभागाच्या साहेबांनी मागणीपत्रातील ती ओळ खोडली आणि "एकीला लाल टेप लावा, माणसांना डोळे असतात," असे सांगितले. महिन्याभरात तेलाने आणि उष्णतेने ती टेप काळी पडली.

एका रात्रपाळीत साचा बदलताना हेल्परकडून दोन्ही केबलींची अदलाबदल झाली. थर्मोकपल तुटला असता तर कंट्रोलरने अलार्म दिला असता. पण थर्मोकपलच्या जागी हीटरची कॉइल आली, त्यामुळे त्याला सर्किट पूर्ण दिसले आणि मिलिव्होल्ट मात्र जवळजवळ शून्य मिळाले. साचा गारच आहे असे समजून तो वीज सोडत राहिला आणि 100 अंशांना सुमारे 5 मिलिव्होल्ट देणाऱ्या जे-प्रकारच्या थर्मोकपलवर 230 व्होल्ट जाऊन आदळले. काही झोनचे फ्यूज उडाले, बाकीचे थर्मोकपल जळाले, मॅनिफोल्ड (साच्यात वितळलेले प्लास्टिक वाटून देणारा भाग) उघडावा लागला आणि यंत्र तीन दिवस बंद राहिले. चौकशीत सगळा दोष त्या हेल्परवर टाकला गेला, जे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

त्यानंतर मी थर्मोकपलच्या जोडीतील नर (पिनांच्या) आणि मादी (छिद्रांच्या) इन्सर्टची अदलाबदल केली. पॉवरच्या जोडीत वीज ज्या बाजूने येते ते टोक मादीच असावे, कारण उघड्या पिनेवर जिवंत वीज नको. म्हणून साच्यावर पॉवरचा नर ठेवला आणि थर्मोकपलची मादी बसवली. नवे काही विकत घ्यावे लागले नाही, फक्त प्रत्येक जोडीमागे 32 टोके सोडून पुन्हा कसावी लागली. यावर साहेबांचे म्हणणे असे, की पाहा, कोडिंगवाचून काम झालेच ना? झाले, पण फक्त आठ झोनपुरते. 16 झोनच्या साच्याला पॉवरच्याच दोन केबली असतात, त्या दोन्ही मादी असतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर कंट्रोलर तापवतो एक झोन आणि तापमान वाचतो दुसऱ्याचे. हे मी बैठकीत मांडले होते. इतिवृत्तात ते आले नाही. म्हणून सांगतो, एकसारखे दोन कनेक्टर शेजारी असतील तर कोडिंग घ्याच.

मात्र कोडिंग आतल्या वायरिंगची चूक पकडत नाही आणि पिनांचा क्रम उत्पादकानुसार बदलतो, त्यामुळे साच्यावरील आकृती वाचल्याशिवाय जोडणी करू नये. शिवाय हे कनेक्टर चालू लोडवर उपसण्यासाठी केलेले नसतात. आधी कंट्रोलर बंद करावा.