शेती आधी, सोसायटी नंतर, मग हलायचं कोणी?

तुमचा प्रश्न असा की शहराच्या कडेला गोठा आधीपासून होता, घरं नंतर आली, तरी उठायला गोठेवाल्यालाच का सांगतात, जो आधी आला त्याचा हक्क नाही का?

असतो, पण नुसत्या तेवढ्यावर निभावत नाही. यावर अमेरिकेतली एक केस मला भयंकर आवडते. ॲरिझोनात फिनिक्स शहराबाहेर स्पर इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीचा फीडलॉट होता, म्हणजे गुरं बांधून त्यांना खाऊ घालून वजन वाढवायची जागा. १९५९ मध्ये डेल वेब नावाच्या बिल्डरच्या कंपनीने तिथे २०,००० एकर शेतजमीन घेतली आणि रिटायर्ड लोकांसाठी सन सिटी वसवायला काढली. घरं फीडलॉटच्या दिशेने सरकत गेली आणि फीडलॉटही घरांच्या दिशेने वाढत गेला (हे दुसरं सांगायचं लोक सोयीने विसरतात). २० ते ३० हजार गुरं, प्रत्येकामागे रोज ३५-४० पाउंड ओलं शेण, वर माश्या, मग व्हायचं तेच झालं. १९७२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फीडलॉट हलवा कारण राहणाऱ्या लोकांना त्रास होतोय, पण हलवायचा वाजवी खर्च डेल वेबने द्यायचा, कारण गावाबाहेरच्या स्वस्त जमिनीचा फायदा त्यानेच घेतला आणि लोकांनाही त्यानेच तिथे आणून बसवलं.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. भांडण वासाचं दिसतं पण आतून ते भावातल्या फरकाचं असतं, शेतीच्या भावाने घेतलेली जमीन घरांच्या भावाने विकून फरक एकाच्या खिशात जातो आणि त्रास मात्र दोन्हीकडच्या दुसऱ्याच लोकांच्या वाट्याला येतो. घर घेणारा बिचारा काही बिल्डर नसतो, त्याला फक्त सँपल फ्लॅट दाखवलेला असतो.

आणि हे पहिली वीट लागायच्या आधीच सुरू होतं. फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन माणसाने १८२६ मध्ये मांडलं होतं की बाजाराच्या जितकं जवळ तितकी जमीन जास्त कसली जाते. १९६७ मध्ये रॉबर्ट सिंक्लेअर या भूगोलाच्या अभ्यासकाने दाखवलं की वाढत्या शहराच्या कडेला नेमकं उलटं होतं, कारण उद्या विकायचीच आहे म्हटल्यावर विहीर कोण खणणार, झाडं कोण लावणार. मग जमीन पडीक दिसते आणि तेच कारण सांगून ती बिनशेती करून घेतली जाते! त्यात मालक आणि कसणारा वेगळे असले की मालकाला भाव मिळतो, कसणारा मात्र नुसताच बाहेर.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द ठरवायला लावली, म्हणजे शहराने पसरायचं ते या रेषेच्या आतच. शेती वाचते, पण रेषेच्या आतला मालामाल आणि बाहेरचा चिडलेला, म्हणजे भांडण मिटलं नाही, रेषेवर जाऊन बसलं.

आधीच्या शेतीला नुसत्या उपद्रवाच्या दाव्यांपासून वाचवणारे कायदे अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आहेत, पण गोठा नंतर मोठा केला असेल तर ते संरक्षण बऱ्याच ठिकाणी पातळ होतं. त्यामुळे गोठा तुमचा असेल तर तो कधीपासून आहे एवढं सांगून भागणार नाही, घरं यायच्या आधी जनावरं किती होती त्याचे कागद जपून ठेवा. आणि फ्लॅट तुमचा असेल तर भांडायला आधी गोठ्यावर नाही, ज्याने गोठा न सांगता फ्लॅट विकला त्याच्याकडे जा.