पावसाळ्यात गाडी थरथरते, गॅरेजवाला इंजिन खोलायला सांगतो. आधी घरी काय तपासावं?

तुमची पेट्रोल गाडी आठ वर्षांची. पाऊस सुरू झाल्यापासून सिग्नलला थरथरते, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला इंजिन खोलायचं म्हणतोय. इतक्यात खोलू देऊ नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं आणि मलाही थेट इंजिनकामाचाच खर्च सांगितला होता.

आधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. थरथर थंड इंजिनावर जास्त की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढते? पाऊस पडून गेल्यावरच होते? हे तुम्हालाच कळणार. मेकॅनिक गाडी दहा मिनिटं बघतो. माझी गाडी रात्रभर पाऊस झाला की सकाळी मुलुंडहून निघताना झटके द्यायची आणि ऐरोली पूल ओलांडेपर्यंत सुरळीत व्हायची. म्हणजे इंजिन तापलं की ओल सुकत होती. दिवा मात्र लुकलुकायला लागला तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जातं आणि तो जळाला की खर्च खरंच मोठा.

मग ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावून मोबाइलवर कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी काही आलं तर शेवटचा आकडा म्हणजे मिसफायर होणारा, म्हणजे पेट्रोल नीट न जळणारा सिलिंडर. एक नंबर सहसा बेल्टच्या बाजूचा. पी०३०० आला तर एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही.

मला पी०३०२ आला होता. प्रत्येक प्लगवर (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) वेगळी कॉइल (त्याला वीज देणारा भाग) असेल तर पुढचं काम सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड, चावी बंद. कनेक्टरची क्लिप दाबून काढा (प्लास्टिक जुनं असतं, ओढाओढ नको), बोल्ट सोडवा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो, आणि कॉइल सरळ वर उचला. मी दोन नंबरची उचलली तर तिची रबरी नळी ओली आणि खाली प्लगच्या खड्ड्यात गंजाळलेलं पाणी! वायपरखालची जाळी गुलमोहराच्या बारीक पानांनी गच्च बुजली होती. पाण्याला जायला वाट नव्हती, ते थेट इंजिनावर ठिबकत होतं. आमच्या सोसायटीत गाडी झाडाखालीच लावावी लागते. तुमचीही लागत असेल तर ही जाळी सगळ्यात आधी बघा.

खड्डा कोरडा असेल तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा, तिथली इकडे आणा, कोड पुसा आणि एक फेरी मारून या. पी०३०२चा पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. कोड जागचा हलला नाही तर प्लग अदलाबदल करून बघा. तरीही तोच कोड आला तर दोष इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब), आणि ते गॅरेजचं काम. माझं काम एक कॉइल आणि चार प्लगवर भागलं.

गॅरेजवाला बरोबरही असू शकतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, डिपस्टिकवर ऑइल सारखं खाली जातंय, किंवा कुठे गळती नसताना कूलंट कमी होतंय, तर दुखणं आतलं असू शकतं. (कूलंटची पातळी बाटलीवरच्या खुणेवरून बघा, गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, वाफेने भाजतं.) तरीसुद्धा खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा आणि स्वतः उभं राहून चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. ते जवळपास सारखे हवेत. आकडे न दाखवताच कुणी इंजिन खोलायला निघाला तर गाडी दुसरीकडे न्या.