डबा कुठला ते नंतर, आधी महिन्याला किती संपतो ते सांगा

मागच्या अंकात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचायचा यावर लिहिलं आणि त्यावर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी तेलावरच! त्यातली चार घेतलीयेत, बाकीच्यांची उत्तरं यातच सापडतील बहुतेक.

प्रश्न : ताई, मिस्टरांचं वय ४९, एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलंय आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९०. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेल बदला म्हणाले, पण कुठलं ते विचारायचंच राहिलं. आमच्याकडे पहिल्यापासून शेंगदाणा तेल आहे. आता सासूबाई म्हणतात लाकडी घाण्याचं आणा, जाऊबाई म्हणतात ऑलिव्ह, मुलगी म्हणते राइस ब्रॅन, आणि दुकानदार म्हणतो हे सूर्यफूल घ्या यात कोलेस्टेरॉल झिरो आहे. घरात चौघं, महिन्याला पाच लिटरचा कॅन आणि वर एखादी पिशवी लागते.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे आणि ती तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीत. पाच लिटर आणि एक पिशवी म्हणजे सहा लिटर, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे महिन्याला साडेपाच किलोच्या आसपास. चौघांत आणि तीस दिवसांत वाटा, माणशी रोजचे ४५ ग्रॅम झाले. बैठं काम करणाऱ्याला तेल तूप सगळं धरून २० ते २५ ग्रॅम पुरतं, चहाचे चार-पाच चमचे. यात बाहेरचं खाणं तर धरलेलंच नाही. म्हणजे आत्ता तुम्ही जगातलं सगळ्यात भारी तेल आणलंत तरी ते दुप्पट पडणार.

मी स्वतः हे मान्य करायला वेळ लावला हं. माझ्याकडे तेलाच्या भांड्यात एक छोटी पळी असते, आईकडून आलेली, मला वाटायचं ही असेल दोन चमच्यांची. एक दिवस चमच्याने पाणी घालून मोजली तर सहा चमचे मावले! आणि मी पालेभाजीला एक आणि रस्सा भाजीला दोन पळ्या घालत होते, वर आमटीची फोडणी वेगळी. तुमची पळी आजच मोजा. मग चौघांचं महिन्याचं सव्वातीन लिटर तेल एका कॅनमध्ये वेगळं काढा आणि ते महिनाभर पुरवा, हा एकच उपाय मी पाहिलाय जो खरंच चालतो, कारण रोज हात आखडायचं कुणाला लक्षात राहत नाही पण कॅनचा तळ दिसायला लागला की आपोआप राहतं.

आता दुकानदाराचं झिरो कोलेस्टेरॉल. ते खरंच आहे पण ते कुठल्याही वनस्पती तेलाला लागू आहे, अगदी पामतेलालासुद्धा, कारण तेलात घेण्यासारखं कोलेस्टेरॉल झाडाकडून येतच नाही. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलंच लिव्हर बनवतं, आणि रक्तातलं एलडीएल उचलून आत घ्यायचं कामही लिव्हरच करतं. जास्त सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तुपासारखं थिजणारं फॅट, पोटात गेलं की लिव्हरची ही एलडीएल आत घेणारी दारं कमी होतात आणि ते रक्तातच फिरत राहतं. म्हणून पिशवीच्या पुढच्या बाजूचं हृदयाचं चित्र सोडा, मागे बारीक अक्षरात सॅच्युरेटेड फॅट किती लिहिलंय ते बघा. करडईत १०० ग्रॅममागे दहाच्या आत असतं, सूर्यफुलात ११ च्या आसपास, शेंगदाण्यात १७ ते २०, राइस ब्रॅनमध्येही वीसच्या आसपास, पामतेलात निम्मं, साजूक तुपात साठच्या वर आणि खोबरेलात जवळपास नव्वद.

म्हणजे तुमचं शेंगदाणा तेल काही व्हिलन नाही! त्यातलं जवळजवळ अर्धं फॅट ऑलिव्हमध्ये असतं तेच मोनोअनसॅच्युरेटेड जातीचं आहे. मी तुमच्या जागी असते तर एक महिना शेंगदाणा आणि एक महिना करडई नाहीतर सूर्यफूल असं आलटून पालटून आणलं असतं. राइस ब्रॅनमध्ये ओरायझेनॉल नावाचा घटक असतो, त्याने थोडा हातभार लागतो, मुलीचं ऐकलंत तरी हरकत नाही. ऑलिव्ह चांगलंच आहे पण त्या भावात आपल्या मोहरी जिऱ्याच्या फोडणीला ते जाळायचं म्हणजे जिवावर येतं, कोशिंबिरीवर चमचाभर घ्यायचं तर घ्या.

सासूबाईंचा लाकडी घाणा. वासाला त्याची सर कशाला नाही हे मीही म्हणते, आणि रिफाइंड करताना जाणारं व्हिटॅमिन ई वगैरे त्यात थोडं जास्त टिकतं. पण शेंगदाणा घाण्यावर गाळा नाहीतर कारखान्यात, त्यातलं सॅच्युरेटेड तेवढंच राहतं आणि एका ग्रॅमला ९ कॅलरी त्याही तेवढ्याच. घाण्याचं आहे म्हणून सढळ हाताने घातलं की संपलं.

आणि ट्रायग्लिसराइड १९० आहे ना, तर तेल कमी केलं म्हणून त्याची भरपाई साबुदाणा, बिस्किटं, चहातली जास्तीची साखर अशी करू नका, ते त्याने वाढतं, दारूनेही वाढतं. गोळी मात्र तेल बदललंय म्हणून परस्पर बंद करायची नाही, ते डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. घरी बायको तेल अगदी मोजून घालते तरी एलडीएल १४५. रविवारी मित्रांबरोबर मिसळ असतेच, ती सोडायची का? खरं सांगा.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : नाशकात राहून मिसळ सोडा असं सांगितलं तर लोक मलाच गावाबाहेर काढतील. पण दादा, तुमची मिसळ रविवारची एकटी नसणार, शिफ्टमध्ये चहाबरोबर खारी, बटर, कॅन्टीनचा वडा हेही चालू असणार, ते तुम्ही लिहिलं नाहीत! मला मिसळीपेक्षा त्या रोजच्या खारीचीच काळजी जास्त वाटते. तिच्या पुड्यावर पामतेल किंवा वनस्पती असं लिहिलेलं असतं. वनस्पती म्हणजे जुना डालडा प्रकार, तेलात हायड्रोजन सोडून ते थिजवतात आणि अर्धवट थिजवताना ट्रान्सफॅट तयार होतं, जे एलडीएल वाढवतं आणि वर चांगलं एचडीएल कमी करतं. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्सफॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आलीये, त्यामुळे पूर्वीइतकं राहिलेलं नाही, पण सॅच्युरेटेड आहेच की.

आता मिसळ. त्यातली मोडाची मटकी उत्तम, कांदा लिंबू उत्तम, मटकीच्या तंतूमय भागाचा कोलेस्टेरॉल कमी करायला उपयोगच होतो. घोळ वरच्या लाल थरात आहे. रस्सा घट्ट काळा दिसतो तो सुक्या खोबऱ्याने, आणि तर्री म्हणजे तर चक्क तेलच, वाटीभर तर्री मागवून पाव बुडवून खाणारे मी पाहिलेत. पुढच्या रविवारी रस्सा खालून ढवळून नको, तर्री बाजूला सारून आणा म्हणून सांगा, शेव मूठभर नको चिमूटभर, पापड मित्राच्या ताटात, आणि एक्स्ट्रा रस्सा एकदाच. महिन्यातून चार वेळा न जाता दोन वेळा गेलात तर मग मी काही बोलणार नाही.

वडा, भजी जिथे तळतात तिथलं तेल एकदा नीट बघा. काळं, दाट, वर फेस धरणारं असेल तर ते कितव्यांदा तापलंय कुणास ठाऊक. घरीसुद्धा दिवाळीच्या तळणाचं उरलेलं तेल पुन्हा तळायला घेऊ नका, गाळून दोन-तीन दिवसांत भाजीत संपवा.

प्रश्न : वय ७१. मुलाने माझं वरणभातावरचं तूप बंद केलं. एक चमचा तुपाने असा काय फरक पडतो? रात्री म्हशीचं दूध मात्र देतो, मोठा ग्लास.
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, तुमच्या बाजूने निकाल देतेय पण अर्धाच. चहाच्या चमचाभर तुपात तीन ग्रॅम सॅच्युरेटेड. म्हशीचं दूध अर्धा लिटर घेतलं तर त्यात तीसेक ग्रॅम फॅट, त्यातलं निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड! तुमचा मोठा ग्लास समजा पाव लिटरचा, तरी तो तीन चमचे तुपाइतका झाला. मुलाला सांगा, दूध टोन्ड आणा किंवा साय पूर्ण काढून द्या, आणि तो एक चमचा तूप मला परत करा. चमचा चहाचाच, वाढायचा डाव नव्हे.

प्रश्न : सुरगाण्याकडे शिक्षक आहे. इथे घरोघरी खुरासणीचं तेल खातात, मीही सुरू केलंय. चालेल ना?
– एक वाचक, सुरगाणा

उत्तर : चालेल की, सर. खुरासणी म्हणजे कारळे, त्यातलं बरंचसं फॅट लिनोलेइक, म्हणजे सूर्यफुलाच्या जातीचं. फक्त हे तेल लवकर खवट होतं म्हणून घाण्यावरून थोडं थोडं आणा, काचेच्या बाटलीत अंधारात ठेवा आणि वास बदलला तर टाकून द्या. तळण यात नको.

त्यात ओमेगा-३ मात्र नसल्यात जमा, ते जवसात भरपूर मिळतं. जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून मंद भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटा, चटणी आठवड्याला पुरेल एवढीच करा. नागलीच्या भाकरीबरोबर छान लागते, आणि वर कच्चं तेल घ्यायची सवय असेल तर चमच्याने घ्या, बाटली तिरकी करून नको.