वजनाच्या ऑपरेशनआधी एवढ्या तपासण्या कशाला?

जालन्याहून तुम्ही विचारलंय : मोठ्या भावाचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टरांनी दोन पानं तपासण्या लिहिल्या, वर मानसोपचारतज्ज्ञाकडं धाडलं, हे पैसे उकळणं तर नाही?

मलाही अगदी असंच वाटलं होतं. मी परभणीच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम. उंची १६८ सेंटिमीटर, वजन १२४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४४. ऑपरेशन संभाजीनगरला झालं.

साखर, थायरॉइड, लिव्हर, ईसीजी, टू-डी इको यांवर वाद घालू नका. बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आधीच बघतात, कारण नंतर ते अंगी लागणं आणखी अवघड होतं. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. माझं बी-१२ तळाला गेलेलं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे बघतात, वजन झपाट्यानं उतरलं की ते होतात.

एंडोस्कोपीनं तर माझं ऑपरेशनच बदललं. ठरली होती स्लीव्ह, म्हणजे जठराचा पाऊणएक भाग कापून टाकायचा. दुर्बीण घातली तर जठराचा वरचा भाग छातीकडं सरकलेला, अन्ननलिकेला जखमा. मी आपला वर्षानुवर्षं जळजळीवर सोडा पीत बसलेलो! स्लीव्हनं ती जळजळ वाढू शकते, म्हणून बायपास केलं, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडली.

झोपेची तपासणी मी टाळायलो होतो. घोरण्याची कसली तपासणी? शेवटी एक रात्र बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला नळी लावून झोपलो. श्वास तासाला ४१ वेळा अडकत होता. ३० च्या पुढं गंभीर धरतात. दुपारी गादीवर वही उघडी टाकून डुलक्या यायच्या त्या का, ते तेव्हा कळलं. शेठजी म्हणायचे, जेवण जास्त झालं. भुलीत घसा सैल पडतो, असल्या माणसाला त्यातच धोका. म्हणून आधी काही आठवडे रात्री मास्कचं मशीन लावून झोपवलं.

आता मानसोपचारतज्ज्ञ. वेडा ठरवायला नाही पाठवत. रात्री उठून खाता का, दारू किती, नंतर आयुष्यभर गोळ्या घ्याल का, असं विचारतात. तंबाखूचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, दोन वर्षांमागं सोडली. शेजारी बसलेली बायको खोकली. (माळकरी आणि तंबाखू कसं, ते विचारू नका.) निकोटिननं रक्तपुरवठा कमी होतो, टाके भरत नाहीत, बायपासनंतर जोडावर अल्सर होतो. तारीख सहा आठवडे पुढं गेली. तेव्हा लई राग आला होता.

शेवटचे दोन आठवडे भात-भाकरी-साखर जवळपास बंद. लिव्हर आक्रसलं की सर्जनला जठर नीट दिसतं. हे सोप्पं नाही, हुरड्याचे दिवस होते.

विमा असेल तर सगळे रिपोर्ट जपून ठेवा. बीएमआय ४० च्या खाली असेल तर ३५ च्या पुढं असूनही गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा ताब्यात न येणारा मधुमेह असा आजार कागदावर दाखवावा लागतो.

तरी एखादी तपासणी फालतू वाटली तर सरळ विचारा : "हा रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही काय बदलणार?" अँजिओग्राफी सरसकट सगळ्यांना लागत नाही.

आणि भावाला मानसोपचारतज्ज्ञाकडं नेताना वहिनींना सोबत घ्या.